नियमाप्रमाणे चार मेल

तिचं खरं नाव ऑफिसात कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. समोर चिमटाबाई, पाठीमागे नुसतं चिमटा. नव्या माणसाला वाटायचं, बाई येता-जाता चिमटे काढत असेल. ते अगदीच खोटं नव्हतं, पण नाव पडलं होतं कामावरून. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधली बारीकशी चूक ती अशी ओढून काढायची, की पायातलं कुसळ निघावं. कुसळ निघताना ज्याचा पाय तो आधी बोंब मारतो, आभार नंतर. बहुतेक वेळा आभार राहूनच जायचे.

कंपनी कुलपं करायची. लोखंडाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. फाइल असो, मेल असो, ती अशी बंद करायची की पासवर्ड असल्याशिवाय कुणाच्या बापाला उघडता येऊ नये. हा तयार कोड दुसऱ्या कंपन्या आपापल्या कामात जसाच्या तसा वापरतात; त्याला या धंद्यात लायब्ररी म्हणतात. चिमट्याने त्या लायब्ररीची तपासणी अठरा वर्षं केली. सकाळी यायची, चहाचा कप उजव्या हाताला ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत कुलपाशी दुष्मनी करायची.

तिच्या बापाची पिठाची गिरणी होती. लहानपण तिथल्या पांढऱ्या धुरळ्यातच गेलं. गिऱ्हाईक डबा ठेवायचं, सांगायचं, जाडसर हवं, बारीक हवं. पण दळण गिरणीतून किती वेळा फिरवायचं, ते बाप ठरवायचा. एकदा एका बाईने हट्ट धरला, वीस वेळा फिरवा. बाप म्हणाला, “बाई, गिरणी माझी आहे. तुमच्या एका डब्यापायी मागची सगळी रांग उपाशी ठेवू का?” ही गोष्ट चिमट्याला आठवली ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

त्याचं असं. माणसं पासवर्ड ठेवतात ते भिकार. चोर अंदाज लावत बसला तर दुपारपर्यंत सापडावा असे. म्हणून कुलूप काय करतं, दिलेला पासवर्ड हजारो वेळा दळतं आणि मग त्याची किल्ली बनवतं. मालकाला एकदाच दळावं लागतं, अर्ध्या सेकंदात होतं. चोराला प्रत्येक अंदाजाला नव्याने दळावं लागतं, तो कंटाळून मरतो. हिशोब चांगला आहे. पण किती वेळा दळायचं तो आकडा त्या बंद फाइलवरच लिहिलेला असतो. चिमट्याने पाहिलं, आपली लायब्ररी तो आकडा निमूटपणे मानते. लाख लिहिलं तर लाख वेळा, दोनशे कोटी लिहिलं तर दोनशे कोटी वेळा. नको म्हणत नाही, थांबत नाही, दमले म्हणत नाही. म्हणजे नखाएवढी फाइल पाठवून कुणीही समोरचं अख्खं यंत्र दिवसभर दळायला जुंपू शकत होता.

बैठकीत तिने हे मांडलं. मोठे साहेब खुर्चीत होते. त्यांच्या शर्टाची घडी संध्याकाळी सहालाही सकाळसारखीच असायची, म्हणून लोक त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचे.

“एवढा मोठा आकडा लिहील कोण?” साहेब हसत म्हणाले.

“वाईट माणूस लिहील.”

“बाई, आपण वाईट माणसांसाठी माल बनवत नाही.”

“साहेब, कुलूप आणखी कुणासाठी असतं?”

बैठकीत चार जण फिस्सकन हसले. ते हसणं साहेबांच्या कॉलरला चिकटलं ते कायमचं. दोषांच्या यादीत चिमट्याने नोंद केली, साहेबांनी नोंदीपुढे ‘किरकोळ’ असा शेरा मारून ती बंद केली. पुढे यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवली, तेव्हा बंद नोंदी सोबत आल्याच नाहीत.

वर्षभराने व्हायचं ते झालं. रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेची यंत्रणा भर सकाळी बसली. कुणीतरी दोन बारक्या फाइली पाठवल्या होत्या आणि यंत्र दळत सुटलं होतं. अर्धा दिवस एकाही पेशंटचा रिपोर्ट निघेना. प्रयोगशाळेने चौकशी लावली. चिमटा म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, नोंद दाखवा. नोंद कुठली? मग तिने सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांकडे बोट दाखवलं. तिने चाचणी केली, तेव्हा काकांचंच यंत्र चाळीस मिनिटं अडकलं होतं. काका पडले जुने माणूस. रोजचा सगळा कारभार ते शाईच्या पेनाने जाड वहीत लिहायचे.

काका चौकशीत म्हणाले, “रोज दहा गोष्टी अडकतात. कुठली कशाने, कुठे ध्यानात राहतं?”

“आणि वही?” चिमट्याने विचारलं.

“जुन्या वह्या रद्दीत गेल्या,” हे उत्तर साहेबांनी दिलं.

चौकशीला कंपनीने दिलेल्या अहवालात एक वाक्य आलं: ‘सदर दोष चाचणी विभागाने वेळेत निदर्शनास आणून दिला नाही.’ खाली साहेबांची सही. चाचणी विभाग म्हणजे चिमटा एकटी. महिन्याच्या आत तिच्या हातात नारळ आला.

आता हा धंदा असा, की यात सगळे सगळ्यांना ओळखतात. सात ठिकाणी ती मुलाखतीला गेली. सातही ठिकाणी समोरचा माणूस गोड बोलायचा, आणि त्याच्या टेबलावर कुठेतरी तो अहवाल असायचा. अठरा वर्षं जिने फक्त चुकाच धरल्या, तिला ‘चूक दिसली नाही’ म्हणून घरी बसवलं होतं.

घरी नवरा मालाच्या गाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सोबतीला थोरली नणंद. ती पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायची आणि मशीनपेक्षा जास्त बोलायची. चिमट्याने ते एक वाक्य छापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. साखर काढायला दार उघडलं की वाक्य समोर.

“अगं, लोक तिथे देवाचं नाव लिहितात,” नणंद म्हणायची.

“माझ्या देवाचंच आहे, वन्सं. रोज शिव्या घालते.”

“दोन वर्षं झाली. सोड की आता.”

“तुमच्या ब्लाउजची बाही कुणी उलटी लावून तुमच्या नावावर खपवली असती, तर सोडलं असतं?”

नणंदेने तोंडात टाचण्या धरल्या. तिने एका गिऱ्हाइणीशी अकरा वर्षं अबोला धरला होता, तोही काजासाठी.

चिमट्याने सोडलं नाही. लायब्ररीचा कोड सगळ्यांना वाचायला खुला असायचा. त्या धंद्यात तशी पद्धतच आहे, कुलूप कसं बनलंय ते लपवायचं नाही, फक्त किल्ली लपवायची. ती घरी बसून रोज तो वाचत राहिली. प्रयोगशाळेच्या भानगडीनंतर साहेबांनी दुरुस्ती करून घेतली होती. आकड्याला मर्यादा घातली होती, पण एकाच दारावर. फाइल बंद करायच्या आणखी चार जुन्या-नव्या पद्धती होत्या. त्या चारही ठिकाणी आकडा होता आणि मर्यादा नव्हती. ज्याला पुढच्या दाराला अडसर लावून मागची चार दारं सताड उघडी ठेवायची सवय आहे, त्याचंच हे काम. साहेबांचा हात तिने लगेच ओळखला.

मग तिने कंपनीचं नियमांचं पान उघडलं. बाहेरच्या माणसाला दोष सापडला तर कसा कळवायचा, ते त्यावर होतं. हे नियम चौकशीनंतर साहेबांनी स्वतः लिहिले होते, आणि त्यांची भाषा वाचूनच कळत होतं की लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं. एका मेलमध्ये एकच दोष. सोबत चालणारा पुरावा हवा, नुसती बडबड वाचली जाणार नाही. पुरावा पानावर दिलेल्या पासवर्डने बंद करूनच पाठवावा. यंत्राने मेल पुराव्यासकट उघडून नोंदवल्यावरच माणूस तो वाचेल. आलेला मेल साहेबांच्या लेखी सहीशिवाय पुसता किंवा बाजूला काढता येणार नाही. ही अट प्रयोगशाळेने घालायला लावली होती. पाठवणाऱ्याला मात्र आपला मेल केव्हाही मागे घेता येईल.

चिमट्याने ते पान तीनदा वाचलं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्याच हसण्याचा आवाज ऐकू आला.

कारण येणारा बंद मेल उघडायचा कोण? तर दारावरचा सर्व्हर. तो उघडायचा कशाने? कंपनीच्याच लायब्ररीने. आणि त्या सर्व्हरला एका वेळी चार कामं उरकतील एवढेच हात होते. हे तिला माहीत होतं, कारण अठरा वर्षं ती त्याच्या शेजारच्या खोलीत बसली होती. चार दोष, चार मेल, चार पुरावे, चार हात. साहेबांनी नियम असे बांधून दिले होते, की तिला वेगळं काही करायची गरजच नव्हती. फक्त नियम पाळायचे होते.

तिला परिणाम ठाऊक नव्हता असं कुणी म्हणेल, तर त्याने तिला ओळखलंच नाही. तिने दिवससुद्धा निवडून घेतला. वर्षातून एकदा कंपनी गिऱ्हाइकांचं संमेलन भरवायची. तीनशे माणसं हॉलमध्ये, साहेब व्यासपीठावर. या वर्षी साहेब नवं कौतुक दाखवणार होते: पाहुण्यांनी बसल्या जागेवरून आपापल्या बंद फाइली पाठवायच्या आणि दारावरचा सर्व्हर त्या पापणी लवायच्या आत उघडून पडद्यावर दाखवणार. वेळ साडेदहाची.

दहा वाजता तिने चारही मेल धाडले. प्रत्येकावर आपलं पूर्ण नाव, फोन नंबर, दोषाचं वर्णन. पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात: ‘पुरावा उघडण्याआधी आकडा पाहा, यंत्र अडकेल.’ ही ओळ माणसाने वाचली असती तर काही झालं नसतं. पण माणसाच्या आधी यंत्राने उघडायचं, हा नियम तिचा नव्हता.

मग ती भाजी निवडत बसली.

पावणेअकराला फोन वाजला. काका होते. आवाज पार चिरकला होता.

“पोरी, रांगेत पुढे चार मेल आहेत. चारही तुझ्या नावाचे. काय पाठवलंस हे?”

“नियमाप्रमाणे पाठवलंय, काका. पुराव्यासकट.”

“यंत्र हलत नाही गं! तिकडे पडद्यावर नुसतं चाक फिरतंय. बंद करून चालू केलं, तर परत तेच चार उचलतंय.”

“उचलणारच. नोंद झाल्याशिवाय पुढे कसं जाईल?”

“मग काढून टाकू का बाजूला?”

“टाका की. साहेबांची सही घ्या.”

काकांनाही कळलं. सही केली तर साहेबांनी चिमट्याचा मेल न वाचता पुसला असं कागदावर येणार. नाही केली तर तीनशे माणसांसमोर चाक फिरत राहणार.

“वन्सं,” फोन ठेवून ती ओरडली, “आज भाजीत मीठ तुम्ही बघून घाला. माझं आज लक्ष नाही.”

पाच मिनिटांत साहेबांचा फोन. मागे हॉलमधली कुजबुज ऐकू येत होती.

“बाई, मेल मागे घ्या.”

“साहेब, वाक्य मागे घ्या.”

“कुठलं वाक्य?”

“चौकशीतलं. माझ्या घरी ते साखरेशेजारी आहे, तुमच्याकडे कुठे असतं ते मला माहीत नाही.”

साहेबांनी आवाज खाली आणला. चिडलेला माणूस आवाज चढवतो, अडकलेला खाली आणतो. “हे बघा, ते वाक्य मी दुरुस्त करून देतो. शब्द देतो. तुमचं नाव साफ. पण आजच्या या प्रकाराला काहीतरी कारण द्यावं लागेल. ते मी सर्व्हरच्या देखभालीवर घालतो. काका काय, चौदा महिन्यांनी निवृत्तच होणार आहेत. तुम्ही गप्प राहायचं. मान्य?”

दोन वर्षं जे हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. एक ‘हो’ म्हणायचा अवकाश. सात ठिकाणचे सात गोड चेहरे तिला दिसले. आणि तिला ते पुढचं वाक्यही दिसलं, अजून लिहिलेलं नव्हतं तरी: ‘सदर बिघाड देखभाल विभागाने वेळेत…’

“पाच मिनिटं द्या,” ती म्हणाली आणि तिने काकांना फोन लावला.

“काका, आजचं खापर तुमच्या डोक्यावर फुटतंय. साहेबांनी आत्ता मला सांगितलं.”

काका एकदम उसळले. “बघू कसं फोडतो! माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. तू पहिल्यांदा मोठा आकडा टाकून यंत्र अडकवलंस ना, त्या दिवसाचंसुद्धा पान आहे. चाळीस मिनिटं. साहेबांना जाऊन सांगितलं, ते म्हणाले, चाचणी बंद करा, वहीत लिहू नका. मी लिहिलं.”

चिमट्याच्या हातातली भेंडी हातातच राहिली.

“वह्या रद्दीत गेल्या होत्या ना?”

“…माझ्या घरी माळ्यावर आहेत. ते पान मात्र मी फाडून पाकिटात ठेवलंय, पुढे-मागे लागलं तर.”

“पाकिटात,” ती म्हणाली. “म्हणजे चौकशीच्या खोलीतही ते तुमच्या खिशातच होतं.”

“पोरी, माझी नोकरी गेली असती गं. घरी आजारी माणूस—”

“माझी गेली, काका.”

पुढच्या खोलीत नणंदेची मशीन थांबली होती. ती दारात येऊन उभी होती. चिमट्याने राग इतकी वर्षं एकाच माणसासाठी जपून ठेवला होता. आता तो दोघांना वाटून द्यायचा होता, आणि वाटून कमी होईना, उलट वाढला. साहेबाने निदान तोंडावर वैर केलं होतं. हा मात्र निरोपाच्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला होता.

क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे यालाही. साहेबाला हो म्हणावं, हा चिरडला जाईल, मग याला कळेल. तिने तसा विचार केला. उगाच तिला साधू करण्यात अर्थ नाही. पण मग साहेब सुटत होता. आणि साहेबाला सोडायला ती तयार नव्हती.

“काका, पान बाहेर काढा. फोटो काढा. तारीख आणि तुमची सही दिसली पाहिजे. प्रयोगशाळेच्या चौकशी प्रमुखांना पाठवा, संचालकांना पाठवा, साहेबांना पाठवा आणि मला पाठवा. खाली लिहा, हे पान चौकशीच्या वेळी माझ्याजवळ होतं आणि मी दाखवलं नाही.”

“ते शेवटचं कशाला? मी मरेन गं.”

“त्याशिवाय पान खरं वाटणार नाही. आज बनवलं म्हणतील. लिहा. तुमचा फोटो आला की मी मेल मागे घेते. तोपर्यंत फिरू दे चाक.”

“तू एवढी वाईट नव्हतीस.”

“तुम्ही मला दोन वर्षांत भेटलाच नाहीत.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोटो आला. शाई फिकट झाली होती, पण तारीख होती, वेळ होती, ‘साहेबांना कळविले’ हे शब्द होते. खाली ताज्या शाईत लिहिलेली नवी ओळ. चिमट्याने फोटो मोठा करून अक्षर न् अक्षर तपासलं, कोणाला पाठवला ते तपासलं, आणि मगच एकामागून एक चार मेल मागे घेतले. हॉलमधला पडदा चालू झाला, तेव्हा व्यासपीठावर साहेब नव्हते.

मेल तिने दुसऱ्या दिवशी परत पाठवले, या वेळी संचालकांच्या हातात, कागदावर छापून. दारं चार होती हे तर खरंच होतं, आणि ती उघडी ठेवून तिला बाकीच्या गिऱ्हाइकांशी कसला सूड उगवायचा होता? तीन आठवड्यांत चारही दुरुस्त झाली. कंपनीच्या सूचनेत दोष शोधणारी म्हणून तिचं पूर्ण नाव आलं.

चौकशी पुन्हा उघडली. साहेबांना दुरुस्तीचं पत्र लिहून द्यायला लावलं. पहिला मसुदा आला, त्यात ‘काही गैरसमजामुळे’ असं होतं. तिने परत पाठवला. दुसऱ्यात तारीख नव्हती. परत. तिसऱ्यात तारीख होती, पण ‘किरकोळ’ हा शेरा कुणी मारला ते नव्हतं. चौथ्या वेळी नणंद म्हणाली, “अगं, तो माणूस रडकुंडीला आला असेल.”

“येऊ दे. माझ्याकडे वेळ आहे.”

पाचवा मसुदा तिने ठेवून घेतला, आणि त्याच्या सात प्रती सात ठिकाणी पाठवल्या. सोबत नोकरीचा अर्ज नव्हता. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. त्यातलं एक होतं त्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं. पगार कमी, ऑफिस लांब, खिडकीसमोर भिंत. तिने तेच घेतलं. कारण तिथे काम होतं बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर वापरण्याआधी तपासायचं, आणि त्यात पहिली होती साहेबांची लायब्ररी. साहेबांची खुर्ची गेली नाही. अशा खुर्च्या सहसा जात नाहीत. पण नव्या चौकशीने एक अट घातली: प्रयोगशाळेच्या प्रत्येक दोषपत्राला उत्तर साहेबांनी स्वतः, आपल्या सहीने द्यायचं. चिमटा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पत्र पाठवते. उगाच काही लिहीत नाही. जे लिहिते ते खरं असतं, म्हणून टाळताही येत नाही.

चौदा महिन्यांनी काका निवृत्त झाले. साहेबांना त्यांना हात लावता आला नाही. पानाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. निरोप समारंभाचं बोलावणं चिमट्याच्या घरी आलं. ती गेली नाही. नणंद गेली, भरपेट जेवून आली.

“तुझं विचारत होते,” चप्पल काढत ती म्हणाली. “डोळ्यांत पाणी होतं म्हाताऱ्याच्या.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, कामात आहे.”

“खरंच आहे,” चिमटा म्हणाली. तिने मानही वर केली नाही. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत तिला पाचवं दार दिसलं होतं, आणि सोमवार परवावर आला होता.